मेंदूतलं पाणी आणि ॲक्वापोरिन-४ : सूज मोजायची कशी आणि आकडे वाचायचे कसे

‘ॲक्वापोरिन-४ वाढलं, म्हणून मेंदूची सूज वाढली.’ प्रबंधांत आणि प्रयोगवह्यांत हे वाक्य इतक्या सहजपणे येतं की त्यामागची गफलत लक्षातच येत नाही. ॲक्वापोरिन म्हणजे पेशीपटलातलं पाणी जाऊ देणारं प्रथिन. ते पंप नव्हे, दार आहे. पाणी आत येणार की बाहेर जाणार, हे परासरण दाब आणि द्रवाचा दाब ठरवतात. दार किती मोठं आणि कुठल्या भिंतीत आहे, त्यावर पाण्याचा वेग तेवढा ठरतो. म्हणून एकच प्रथिन एका प्रकारच्या सुजेत घातक ठरतं आणि दुसऱ्या प्रकारात वाचवणारं. पुढची सगळी मोजमापं ही गोष्ट मनात ठेवूनच करायची आहेत.

सुरुवातीला लागणारी माहिती

या कुटुंबातलं पहिलं प्रथिन म्हणजे ॲक्वापोरिन-१. ते पाण्याची वाहिनी आहे हे पीटर ॲग्री यांच्या गटानं १९९२ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत दाखवलं आणि ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रत्येक रेणूत पेशीपटल आरपार ओलांडणाऱ्या सहा सर्पिल पट्ट्या असतात. असे चार रेणू एकत्र येतात, पण प्रत्येकाचं रंध्र स्वतंत्र असतं. रंध्राची सर्वांत अरुंद जागा साधारण २.८ अँगस्ट्रॉम रुंद असते, म्हणजे पाण्याचे रेणू एकामागोमाग एकाच रांगेत जातात. ॲक्वापोरिन-१ च्या एका रंध्रातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू जाऊ शकतात, पण प्रोटॉन अडवले जातात.

मेंदूत ॲक्वापोरिन-१ मुख्यतः कोरॉइड प्लेक्ससच्या, म्हणजे मेंदूजल (सीएसएफ) तयार करणाऱ्या ऊतीच्या पेशींवर, सीएसएफच्या बाजूला असतं. प्रौढ माणसात दिवसाला सुमारे ५०० मिली सीएसएफ तयार होतो आणि कुठल्याही क्षणी साधारण १५० मिली साठलेला असतो. ॲक्वापोरिन-४ ची जागा वेगळी आहे. ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींची पावलं (टोकं) रक्तवाहिनीला जिथे चिकटतात तिथे ते दाट असतं, मेंदूच्या पृष्ठभागाखालच्या ॲस्ट्रोसाइटच्या थरात असतं आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या अस्तरातही असतं. थोडक्यात, जिथे मेंदूची ऊती रक्ताला किंवा सीएसएफला भिडते तिथे. रक्तातले पदार्थ सहजी मेंदूत शिरू न देणारा रक्त-मेंदू अडथळा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरपेशींचा असतो, आणि त्या पेशींत ते जवळजवळ नसतं. हे विसरल्यामुळे ‘रक्त-मेंदू अडथळ्यातलं ॲक्वापोरिन-४’ असा सैल शब्दप्रयोग होतो. वाहिनी अस्तरपेशीत नाही, तिच्या बाहेरच्या पावलात आहे.

त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत : एम-१ (३२३ अमिनो आम्लं) आणि एम-२३ (३०१ अमिनो आम्लं). एम-२३ पेशीपटलात चौकटीसारखे सलग पुंजके बनवतं. एकटं एम-१ ते बनवत नाही. पावलात ही प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम अल्फा-सिंट्रोफिन आणि डिस्ट्रोफिनचा संच करतो. हा तपशील पुढे वेस्टर्न ब्लॉटच्या (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याच्या पद्धतीच्या) वेळी फार कामाचा ठरेल.

पायरी १ : सूज कोणती, ते आधी ठरवा

प्राण्यांवर कुठलाही प्रयोग करायचा तर संस्थेच्या नीती समितीची मंजुरी आधी हवी, हे गृहीत धरतो. त्यानंतरचा प्रश्न असा : तुमच्या नमुन्यात पाणी कुठून येतं आणि कुठे साठतं?

पेशीविषारी सुजेत रक्त-मेंदू अडथळा शाबूत असतो. रक्तातलं सोडियम एकदम घसरतं, किंवा रक्तपुरवठा तुटून पेशींचे आयन-पंप बंद पडतात, आणि पाणी पावलांमधून ॲस्ट्रोसाइटमध्ये शिरतं. इथे ॲक्वापोरिन-४ आत येण्याचं दार ठरतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत जलविषबाधेनंतर आणि रक्तपुरवठा तोडल्यानंतर सूज कमी राहिली, हे २००० साली दाखवलं गेलं.

वाहिनीजन्य, म्हणजे रक्तवाहिनी झिरपून होणाऱ्या, सुजेत अडथळाच फुटतो. प्लाझ्मा सरळ पेशींमधल्या जागेत झिरपतो. त्याला आत यायला ॲक्वापोरिनची गरजच नसते. गरज लागते बाहेर जाताना, मेंदूच्या पृष्ठभागावरून आणि पोकळ्यांच्या अस्तरातून सीएसएफमध्ये. २००४ मध्ये याच उंदरांच्या मेंदूत थेट द्रव सोडून, थंडीनं इजा करून आणि गाठ वाढवून पाहिलं गेलं. तिन्ही वेळा ॲक्वापोरिन-४ नसलेल्या उंदरांची अवस्था जास्त वाईट झाली.

पक्षाघाताच्या नमुन्यात हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ येतात : पहिल्या काही तासांत पेशीविषारी सूज, मग अडथळा ढिला पडू लागला की वाहिनीजन्य. त्यामुळे वेळेचा एकच बिंदू निवडला तर अर्धीच कथा हाती लागते. निदान एक लवकरचा आणि एक दोन-तीन दिवसांनंतरचा बिंदू घ्या. अडथळा फुटलाय का हे वेगळं तपासा. त्यासाठी इव्हान्स ब्लू हा रंग रक्तात सोडून ऊतीत किती झिरपला ते मोजता येतं. हा रंग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतो, म्हणून तो ऊतीत दिसला तर प्रथिनही बाहेर आलं असं समजावं. रंगाचे प्राणी आणि वजनाचे प्राणी वेगळे ठेवा.

पायरी २ : ओलं वजन, कोरडं वजन

पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, आणि नीट केली तर आजही भरवशाची. सूत्र सोपं : ओल्या वजनातून कोरडं वजन वजा करा, ओल्या वजनानं भागा, १०० नं गुणा. निरोगी उंदराच्या मेंदूत हा आकडा ७८-७९% च्या आसपास येतो.

फॉइलचे तुकडे आदल्या दिवशी कापून, क्रमांक टाकून, ओव्हनमध्ये कोरडे करून वजन करून ठेवा. प्राण्याचा शेवट झाल्यावर मेंदू लगेच काढा. सलाइननं रक्त धुवून काढू नका. ती सवय रंगकामाची आहे, इथे ती पाण्याचं प्रमाणच बदलून टाकते. घ्राणकंद आणि लहान मेंदू दर वेळी एकाच जागी कापून वेगळे करा, दोन अर्धगोल सुटे करा. पृष्ठभागावरचा सीएसएफ गाळणकागदावर एकदा अलगद टेकवून टिपा. दाबू नका. लगेच फॉइलवर ठेवून वजन करा.

‘लगेच’ या शब्दाला इथे किती वजन आहे ते हिशेबानं पाहू. समजा अर्धगोल १८० मिग्रॅ आहे आणि त्यात ७८% पाणी आहे. म्हणजे कोरडा भाग ३९.६ मिग्रॅ. टेबलावर राहून ५ मिग्रॅ पाणी उडालं तर ओलं वजन १७५ होतं आणि उत्तर येतं ७७.४%. नमुन्यातला खरा फरकच अनेकदा एक-दोन टक्क्यांचा असतो, त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा निष्काळजीपणानं खाल्ला जाऊ शकतो. उलट ३ मिग्रॅ सीएसएफ तसाच चिकटून राहिला तर उत्तर ७८.४% येतं, म्हणजे खोटी सूज. म्हणून कवटी उघडल्यापासून वजनापर्यंतचा वेळ घड्याळ लावून सगळ्या प्राण्यांत सारखा ठेवा. तुकडे कापायचे असतील तर झाकण असलेल्या ओलसर डबीत ठेवूनच थांबा.

ओव्हन १०० अंश सेल्सियसला ठेवा. २४ तासांनी वजन, पुन्हा २४ तासांनी वजन. दोन्हींतला फरक तराजूच्या किमान मापाइतका उरला की थांबा. ११० अंशांच्या वर जाऊ नका. ऊती करपायला लागली की पाण्याखेरीज इतर वजनही जातं. ओव्हनमधून काढलेली फॉइल गरम असताना तराजूवर ठेवली तर वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसतं, आणि उघड्यावर गार होऊ दिली तर ती हवेतली आर्द्रता ओढते. मधला मार्ग डेसिकेटरचा, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्याचा : त्यात अर्धा तास गार करा, मग वजन.

अर्धगोलाला ०.१ मिग्रॅ मोजणारा तराजू पुरतो. कॉर्टेक्सचा २० मिग्रॅचा तुकडा मोजायचा असेल तर पुरत नाही : तिथे ०.१ मिग्रॅची चूक उत्तरात ०.५ टक्क्यांची चूक करते. ०.०१ मिग्रॅचा तराजू हवाच. शिवाय मेंदूच्या करड्या भागात पाणी ८०% च्या आसपास आणि त्याहूनही वर असतं, पांढऱ्या भागात ७०% च्या जवळपास. कापताना पांढरा भाग कमी-जास्त आला तर सूज नसतानाही आकडा हलतो.

आलेला टक्का वाचताना एक गोष्ट आवर्जून करा : त्याचं फुगीत रूपांतर. ७८ वरून ८० म्हणजे ‘फक्त दोन टक्के’ वाटतात. पण कोरडा भाग तोच आहे. आधी तो एकूण वजनाच्या २२% होता, आता २०% आहे. २२ भागिले २० म्हणजे १.१०. ऊतीचं वजन १०% वाढलं. बंद कवटीत १०% ही प्राणघातक ठरू शकणारी वाढ आहे. ७८ वरून ७९ ही वाढसुद्धा जवळपास ५% ची आहे. अहवालात दोन्ही आकडे द्या, वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही.

वजन करणाऱ्याला गट माहीत नसावा. इतक्या बारीक फरकात हात नकळत झुकतो.

ही पद्धत पाणी किती ते सांगते. पेशींच्या आत की बाहेर ते सांगत नाही. त्यासाठी एमआरआयवरचं विसरण मोजावं लागतं : पाणी पेशींत शिरून बाहेरची जागा आक्रसली की पाण्याच्या विसरणाचा आकडा घसरतो, बाहेर साठलं की चढतो.

पायरी ३ : पाण्याच्या वाहिन्या कुठे आहेत, ते पाहा

माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत हलगर्जीपणे होणारं काम हेच.

आधी पीबीएस (मिठाचं बफर द्रावण), मग ४% पॅराफॉर्मल्डिहाइड हृदयातून सोडून मेंदू पक्का करा. बाहेर काढल्यावर त्याच द्रावणात ४ अंशांवर काही तास ते एक रात्र ठेवा. आठवडाभर ठेवलेल्या मेंदूत अँटिबॉडीला जागा सापडत नाही आणि ‘प्रथिन कमी झालं’ असा भास होतो. गोठवून कापायचं तर ३०% साखरेच्या द्रावणात मेंदू तळाला बसेपर्यंत थांबा. ३० मायक्रोमीटरचे सेक्शन (पातळ काप) घ्या.

०.३% ट्रायटन आणि ५-१०% सामान्य सीरम असलेल्या बफरमध्ये एक तास ठेवा. प्रायमरी अँटिबॉडी ॲक्वापोरिनला चिकटते, चमकणारी सेकंडरी त्या प्रायमरीला. सीरम सेकंडरी अँटिबॉडी ज्या प्राण्याची त्याचंच हवं. प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर. मग १० मिनिटांचे तीन धुवे. सेकंडरी अंधारात एक-दोन तास. पुन्हा तीन धुवे. प्रायमरी किती पातळ करायची ते तुमच्याच ऊतीवर तीन-चार प्रमाणं करून ठरवा. सोबत रक्तवाहिनी दाखवणारी खूण लागते. लेक्टिन किंवा सीडी-३१ चालतं. जीएफएपीवर अवलंबून राहू नका : ते ॲस्ट्रोसाइटच्या आतला सांगाडा दाखवतं, पावलाचा पूर्ण विस्तार दाखवत नाही, आणि उंदराच्या कॉर्टेक्समधल्या बऱ्याच ॲस्ट्रोसाइटमध्ये तर ते फिकटच असतं.

यातला सर्वांत फसवा सापळा असा. उंदरात बनलेली प्रायमरी अँटिबॉडी उंदराच्याच ऊतीवर वापरली, तर उंदराच्या अँटिबॉडींना चिकटणारी सेकंडरी रक्तवाहिन्यांत उरलेल्या आणि फुटलेल्या अडथळ्यातून झिरपलेल्या अँटिबॉडींनाही चिकटते. रक्तवाहिन्यांभोवती सुंदर, तेजस्वी कडं दिसतं, नेमकं तुम्ही शोधत असता तसंच. इजा झालेल्या बाजूला ते आणखी दाट दिसतं. सशात बनलेली प्रायमरी घ्या, आणि प्रायमरी न घातलेला एक सेक्शन इजा झालेल्या ऊतीचा ठेवा, निरोगी ऊतीचा नव्हे. ॲक्वापोरिन-४ नसलेल्या उंदराची ऊती मिळाली तर याहून चांगली तपासणी नाही.

मायक्रोस्कोपवर तेज एवढंच ठेवा की रक्तवाहिनीभोवतीचा एकही बिंदू संतृप्त होणार नाही, आणि ती सेटिंग सगळ्या सेक्शनना तीच राहू द्या. संतृप्त चित्रात शिखर छाटलं जातं आणि ध्रुवीकरण, म्हणजे प्रथिनाचं पावलांत एकवटणं, कमी झाल्याचं खोटं उत्तर येतं.

मोजणी अशी : ज्या रक्तवाहिनीची पोकळी स्पष्ट दिसते तीच निवडा, तिरप्या कापलेल्या सोडा. रक्तवाहिनीला काटकोनात एक रेघ काढा, दोन्ही बाजूंना २०-३० मायक्रोमीटर ऊती येईल इतकी लांब. भिंतीजवळचं शिखर आणि लांबवरची सपाट पातळी यांचं गुणोत्तर घ्या. दोन्हींतून आधी रिकाम्या पार्श्वभूमीचं तेज वजा करा. केशवाहिन्या आणि मोठ्या रक्तवाहिन्या एकत्र मिसळू नका. एका प्राण्यातल्या पन्नास रक्तवाहिन्यांची सरासरी म्हणजे एक आकडा. संख्याशास्त्रात प्राणी मोजायचे असतात; चार प्राण्यांच्या दोनशे रक्तवाहिन्यांना दोनशे नमुने म्हणणं ही उघड चूक आहे, आणि ती छापील लेखांतही सापडते.

गुणोत्तर घसरलं तर दोन शक्यता वेगळ्या करा : शिखर खाली आलं, की सपाट पातळी वर गेली? पहिल्यात पावलातून पाण्याच्या वाहिन्या गेल्या. दुसऱ्यात पेशीच्या इतर भागांत वाढल्या. सुजलेल्या पावलात तेवढ्याच वाहिन्या जास्त पटलावर पसरूनही शिखर बसतं. पावलाची रक्तवाहिनीकडची बाजू आणि ऊतीकडची बाजू प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला वेगळी दिसत नाही. त्यासाठी सोन्याचे कण लावून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

पायरी ४ : वेस्टर्न ब्लॉट, पण न उकळता

नमुना ९५ अंशांना उकळायची सवय इथे मोडा. पेशीपटलात रुतलेली ही प्रथिनं उकळल्यावर गोळा होतात आणि जेलच्या वरच्या टोकाला अडकून बसतात. ३७ अंशांना १०-१५ मिनिटं पुरतात. ३२ किलोडाल्टनजवळ एम-२३ आणि ३४ जवळ एम-१ अशा दोन पट्ट्या दिसायला हव्यात. त्या वेगळ्या दिसतील इतकी जेल चालवा. आधी पटलांचा अंश वेगळा केला तर पट्ट्या स्वच्छ येतात.

या ब्लॉटवरून किती बोलायचं याला मर्यादा आहे. अल्फा-सिंट्रोफिन नसलेल्या उंदरांत एकूण ॲक्वापोरिन-४ जवळपास तेवढंच असतं, पण पावलांतून ते हरवलेलं असतं. ब्लॉट म्हणेल, काहीच बदललं नाही. म्हणून पायरी ३ शिवाय पायरी ४ चा अर्थ लावू नका, आणि आरएनएच्या आकड्यावरून तर मुळीच नाही.

पायरी ५ : दार खरंच उघडं आहे का?

औषध किंवा उत्परिवर्तन वाहिनीवर काय करतं ते पाहायला झेनोपस बेडकाची अंडपेशी अजूनही उत्तम. पाचव्या-सहाव्या अवस्थेतल्या, सुमारे १.२ मिमी व्यासाच्या पेशी निवडा. प्रत्येकीत वाहिनीचा आरएनए ५० नॅनोलिटर टोचा. शेजारच्या गटात तेवढंच पाणी. १८ अंशांना दोन-तीन दिवस ठेवा, द्रावण रोज बदला, ढगाळ झालेल्या पेशी काढून टाका. मग २१० मिलिऑस्मोलच्या द्रावणातून ७० मध्ये टाका आणि दर काही सेकंदांनी चित्र घ्या. चित्रातल्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तराचा दीडावा घात म्हणजे आकारमानाचं गुणोत्तर.

पारगम्यता काढताना आकारमान वाढण्याचा सुरुवातीचा वेग घ्या, त्याला पेशीच्या मूळ आकारमानानं (०.०००९ घन सेंमी) गुणा आणि पृष्ठफळ (०.०४५ चौ. सेंमी), पाण्याचं मोलर आकारमान (१८) व परासरणातला फरक यांच्या गुणाकारानं भागा. हा फरक दर घन सेंमीला मोलमध्ये लिहा : १४० मिलिऑस्मोल म्हणजे ०.०००१४. अनेकांचं उत्तर हजार पटीनं चुकतं ते इथेच. पाणी टोचलेली पेशी मिनिटाला १% च्या आसपास फुगते. ॲक्वापोरिन-१ चांगलं व्यक्त झालेली पेशी मिनिटात १५% पर्यंत जाते आणि काही मिनिटांत फुटते. म्हणून पहिल्या ३० सेकंदांचाच उतार वापरा.

पाऱ्याचं क्लोराइड ॲक्वापोरिन-१ ला अडवतं, ॲक्वापोरिन-४ ला या चाचणीत अडवत नाही. त्यामुळे पाऱ्यानं फरक पडला नाही म्हणून वाहिनीच नाही, असा निष्कर्ष काढू नका. ‘ॲक्वापोरिन-४ रोखणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टीजीएन-०२० च्या नेमकेपणाबद्दल मतभेद आहेत. ते वापरलं तर वाहिनी नसलेल्या उंदरातही वापरून पाहा. तिथेही परिणाम दिसला, तर तो दुसऱ्याच कशामुळे तरी होतोय. आणि औषधानं फुगण्याचा वेग घटला की लगेच रंध्र बंद झालं असं समजू नका : ट्रायफ्लुओपेराझिन या औषधाचा परिणाम कॅल्मोड्युलिन या पेशीतल्या प्रथिनामार्गे होतो, वाहिन्या पृष्ठभागावर यायच्याच थांबतात. हे दोन प्रकार ओळखायला पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन बायोटिन लावून स्वतंत्र मोजा, औषध देण्याआधी आणि नंतर.